सेल्बीने करार का नाही केला

सेल्बी कीपिंगच्या मनात काय चाललंय हे त्याच्या आईलाही कधी कळलं नसावं. समुद्राकाठच्या आमच्या टिलर्स आर्म गावात बोलघेवड्या माणसांची कमतरता नव्हती, आणि त्यांत पहिला नंबर माझा, हे मी नाकारत नाही. पण सेल्बी म्हणजे ताकास तूर लागू न देणारा माणूस. जेवायला बोलावलं तर पदार्थ आवडला की नाही, हेसुद्धा रिकाम्या ताटावरून ओळखायचं. धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गावाला वीज देणारं डिझेलचं धूड होतं, ते तो सांभाळायचा. तरुणपणी त्या शेडमध्ये शिरला तो शिरलाच. वादळात दिवे गेले की आम्ही लाकडाच्या चुलीवर चहाचं पाणी ठेवायचो, आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत दिवे परत आलेले असायचे. कुणी कौतुकाने "वा, सेल्बी!" म्हटलं तर हा म्हणायचा, "मशीन चांगलंय."

त्याने लग्न केलं नाही. का नाही केलं ते मला विचारू नका. मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही म्हणजे गावात कोणालाच माहीत नव्हतं, कारण गावचं दुकान आणि टपाल दोन्ही माझ्याकडे होतं. सेल्बीचं घर माझ्या घराला लागून. माझा नवरा चेस वारला त्या हिवाळ्यापासून मी उठायच्या आत माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसलेला असायचा. एकदा मी खिडकीतून त्याला पकडलं आणि दार उघडून तोंडभरून आभार मानले. तर हा पठ्ठ्या कितीतरी दिवस माझ्या दुकानात फिरकला नाही, दुधाचे डबेसुद्धा दुसऱ्याकरवी मागवले. तेव्हापासून मी शहाणी झाले. पायऱ्या साफ दिसल्या की गुपचूप खाली उतरायची.

असा हा माणूस, आणि सगळ्या गावाचं नशीब त्याच्या एका मतावर येऊन अडलं.

झालं असं की सरकारने पुन्हा विचारणा केली, गाव उठवायचं का? घरटी चांगली रक्कम मिळणार, पण एकदा ठरलं की सगळ्यांनी जायचं. बोट बंद, वीज बंद. दर दहा माणसांत नऊ जणांनी होकार दिला तरच. हिशोब सोपा होता, गावात मुळात माणसंच किती उरली होती? तीन नकार पडले तरी चालत होते, चौथा पडला की सगळे जिथल्या तिथे. पहिले तीन कोणाचे ते पोराटोरांना ठाऊक होतं: गिडियन बफेट, त्याची बायको आणि त्याचा म्हातारा सासरा. चौथा कोण? सगळ्यांची नजर सेल्बीकडे.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं की त्याला सरळ. तेच तर करता येत नव्हतं. आमच्याकडे कुणाला "तुझं मत काय?" असं विचारणं म्हणजे भर चर्चमध्ये त्याच्या खिशात हात घालण्यासारखं. मागच्या खेपेला एकाने विचारलं होतं, तर दोन सख्खे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे कोणी विचारायचं नाही, फक्त बघायचं. कोणी कुंपण रंगवलं? म्हणजे राहणार. कोणी छपराची फळी निखळलेली तशीच ठेवली? म्हणजे जाणार. माझ्याकडून एका बाईने बटाट्याचं बियाणं नेलं नाही, तर संध्याकाळपर्यंत तिचा होकार गावभर मोजून झाला होता. सेल्बीचं मात्र काही वाचताच यायचं नाही. तो दर वर्षी रंग लावायचा तसा त्याने लावला. पुढच्या हिवाळ्याची लाकडं फोडायचा तशी फोडली. रंग काय, लाकडं काय, सगळं नेहमीचंच.

मला स्वतःला जायचं होतं, तेही सांगून टाकते. गुडघे पार गेले होते आणि माझी लेक, नातवंडं तिकडे शहरात, सेंट हिल्डाजला. मी दुकानात बसून खिडकीतून सेल्बीची चिमणी बघायची आणि मनात म्हणायची, बाबा रे, एकदा तरी तोंड उघड.

मग त्याचा पाय बिघडला. साखरेचा आजार होताच, टाचेजवळ एक जखम झाली ती भरेना. नर्स महिन्यातून एकदा हेलिकॉप्टरने यायची. ती त्याला म्हणाली, "सेल्बीकाका, एवढ्यासाठी मी रोज उडत येऊ शकत नाही. चांगला कॅमेरावाला फोन घ्या आणि एक दिवसाआड पायाचा फोटो पाठवा. नाहीतर शहरात येऊन राहा." टेकडीवर टॉवर उभा राहिल्यापासून गावात सगळ्यांकडे असले फोन आले होते, एक सेल्बी सोडून. त्याचं काम भिंतीवरच्या जुन्या फोनवर भागायचं. तो वाजला तरी तो चार वेळा वाजू द्यायचा, समोरच्याचा विचार बदलला तर बदलू दे म्हणून.

मला दुकानाचा माल बघायला सेंट हिल्डाजला जायचंच होतं. म्हटलं, चल माझ्याबरोबर. बोटीवर मी त्याला सगळं समजावलं, कारण माझा फोन लेकीने घेऊन दिला होता आणि मी स्वतःला त्यातली जाणकार समजत होते. "हे बघ, दोन प्रकार असतात. एक करारावर. आत्ता हातात जवळजवळ काही द्यायचं नाही, फोन घरी न्यायचा, दोन वर्षं दर महिन्याला बिल भरायचं. मध्येच सोडता येत नाही. दुसरा विनाकरार. फोनचे सगळे पैसे एकदम मोजायचे, मग महिन्याचं महिन्याला हवं तर भर, नको तर नको भरूस."

"दोन वर्षं," सेल्बी म्हणाला.

"दोन वर्षं."

मग तो बोटीच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि धक्का येईपर्यंत पाणी बघत राहिला. पण माझं डोकं चालू झालं होतं. दोन वर्षं! हा करार करतो की नाही, यावरूनच कळणार. ज्याला राहायचंय तो दोन वर्षांची सही ठोकेल. ज्याला बिऱ्हाड हलवायचंय तो कशाला बांधून घेईल? आजवर त्या माणसाने कधी काही वाचू दिलं नव्हतं, आणि आता ते माझ्या डोळ्यांसमोर घडणार होतं.

फोनच्या दुकानात डेनिस नावाची जाडजूड, हसरी बाई होती. आमच्याकडच्या बायकांसारखीच, पहिल्या भेटीत सगळ्यांना लाडात घेणारी. "या माझ्या राजा, काय दाखवू?" सेल्बीने टोपी काढून हातात धरली. तिने फोन दाखवले, त्याने त्यातला एक उचलला, उलटा केला, मशीन तपासावं तसा कानाजवळ नेऊन हलवून बघितला. मला हसू आवरेना.

"हाच द्या," तो म्हणाला.

"करारावर की विनाकरार? करारावर घेतलात तर तुमचा बराच फायदा आहे, काका."

आता इथे मी मोठ्या शहाणपणाने वागले असं मला वाटलं. माणसाचा निर्णय लांबून वाचणं वेगळं आणि त्याच्या मानेवर उभं राहून ऐकणं वेगळं. म्हणून मी म्हटलं, "तू ठरव, मी शेजारून चष्मा घेऊन येते," आणि बाहेर पडले. चष्मा मला हवाच होता. पण खरं सांगते, चार चष्मे लावून बघितले आणि चारही वेळा आरशात मी त्या फोनच्या दुकानाचं दारच बघत होते.

परत आले तर सेल्बी पाकिटातून नोटा काढून काउंटरवर एकेक ठेवत होता. डेनिस माझ्याकडे बघून जरा गोंधळल्यासारखी म्हणाली, "करार नको म्हणाले. मी समजावलं हो, पण नकोच म्हणतात."

सेल्बी जाणार! चेहऱ्यावर काही येऊ नये म्हणून मी फोनची कव्हरं चाळत बसले आणि त्याच्यासाठी एक निळं निवडलंसुद्धा.

परतीच्या बोटीत त्याने ब्रेडमधले बोलोनी सॉसेजचे काप खाल्ले, हात पुसले आणि फोन काढून समुद्राचा एक फोटो घेतला. "भारी फोन मिळाला तुला," मी म्हटलं.

"फोन चांगलाय," तो म्हणाला.

मी गावात फक्त माझ्या मैत्रिणीला, मर्टलला सांगितलं. फक्त मर्टलला! आमच्या गावात मर्टलला सांगणं आणि चर्चची घंटा वाजवणं यांत फारसा फरक नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताक्षणी गिडियन बफेट दारात उभा.

"खरंय का गं, ट्रिफी? सेल्बीने करार नाही केला?"

"तू पिठासाठी आलायस की पंचायतीसाठी?"

"पिठासाठी. पण खरंय का?"

"रोख मोजले त्याने. मी बघितलं."

गिडियनने पीठ घेतलं, ठेवलं, पुन्हा उचललं. "ज्याच्या हातात गावचे दिवे," तो म्हणाला, "त्यानेच असं करावं." मला त्याच क्षणी त्याची थोडी दया आली आणि लगेच निघूनही गेली, कारण तो पुढे म्हणाला, "तुला काय, तू तर नाचत असशील." मग तो सेल्बीच्या शेडकडे गेला. तिथे जाऊनही रीत त्याने मोडली नाही. लांब उभा राहून एवढंच विचारलं, "फोन करारावर घेतलास की रोख?" सेल्बी आतून म्हणाला, "रोख." गिडियन "बरं" म्हणून वळला, आणि पुढचे कितीतरी दिवस तो शेडच्या वाटेने गेला नाही. बाकीचं गाव मात्र एकदम मोकळं झालं. कोणी खोकी मागू लागलं, कोणी शहरातल्या घरभाड्यांची चौकशी करू लागलं. माझी लेक फोनवर रडली, आनंदाने.

मतदानाला आठवडाभर राहिला असेल तेव्हा नर्सचा दुकानात फोन आला. "ट्रिफीमावशी, जरा सेल्बीकाकांना सांगा हो, मला पायाचा फोटो हवाय. खडकांचे नकोत."

"कसले खडक?"

"काय माहीत! रोज काहीतरी पाठवतात. खडक, धक्का, ते मशीन, एक जुनं फाटक. काल एका पायरीचा फोटो होता. नुसती पायरी! पाय एकदाच दिसला, तोही बुटात."

मी हसले. फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला मोड देता देता माझं हसू कुठे गेलं कळलंच नाही. मी खिडकीतून बाहेर बघितलं. सेल्बी खालच्या वाटेवर उभा होता, फोन दोन्ही हातांत धरून, आणि काहीच नाही अशा एका जागेचा फोटो घेत होता. तिथे फक्त गवत होतं. पूर्वी त्याच्या बापाचं मासे वाळवायचं मचाण तिथे असायचं. ज्याला जायचंय तो माणूस असं करत नाही. ज्याला जायचं असतं तो खोकी मागतो.

त्या संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि त्याच्या स्वयंपाकघराचं दार न वाजवता उघडलं. आमच्याकडे दार वाजवतो तो पोलीस. सेल्बी खारवलेले मासे पाण्यात घालत होता, दुसऱ्या दिवशीसाठी. मी खुर्ची ओढली आणि बसायच्याही आधी बोलून टाकलं, कारण बसले असते तर धीर सुटला असता.

"सेल्बी, तुला इथून जायचंय का?"

त्याचे हात पाण्यात तसेच राहिले. मी जन्मभर पाळलेली रीत मोडली होती आणि मला वाटलं, आता हा मला बाहेर जायला सांगेल. त्याने हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"नाही," तो म्हणाला.

एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग करार का नाही केलास, शहाण्या? सगळं गाव खोकी बांधतंय तुझ्या त्या फोनापायी! मी लेकीला सांगून बसले!"

सेल्बी समोर बसला. तो बोलू लागला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता.

"तू चष्म्याला गेलीस तेव्हा ती बाई म्हणाली, करार करायचा तर कायमचा पत्ता सांगा. दोन वर्षं बिल पाठवायचं म्हणून लागतो. विनाकरार असेल तर पत्ता लागत नाही म्हणाली. मी तोंड उघडलं सांगायला." त्याने मान वळवून आतल्या दाराकडे बघितलं. "त्या आतल्या खोलीत जन्मलो मी, ट्रिफ. दुसऱ्या कुठल्या घरात मी चार रात्रीसुद्धा सलग झोपलेलो नाही. आणि मला पत्ता सांगता येईना. ती बाई पेन धरून बसलेली. माझ्या तोंडातून शब्दच फुटेना."

"का?"

"मी मत काय देणार ते मला ठाऊक होतं ना. टिलर्स आर्म सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं."

"म्हणजे तू जायचं म्हणून मत देणार? राहायचं असताना?"

"तू मागच्या हिवाळ्यात पायरीवरून पडलीस," तो म्हणाला. "मी बर्फ काढला होता, पण वरून पुन्हा गोठला. हेलिकॉप्टर धुक्यातून दोनदा येऊन परत गेलं. तू घरात कण्हत होतीस ते मला शेडमध्ये ऐकू येत होतं. मशीन चालू असताना ऐकू येत होतं. मशीन बिघडलं तर मी बघून घेतो. पण ते मला बघता येत नाही, ट्रिफ. तू, मर्टलची पोरं, सगळेच. माझ्या एकट्याच्या नाही म्हणण्यापायी एवढ्यांना इथे अडकवून ठेवू?"

मी रडायला लागले. मी सहसा रडत नाही, आणि रडले तर मला स्वतःचा संताप येतो, म्हणून मी त्याच्यावरच ओरडले. "मग नाही म्हण! तुझं मत आहे, तुझं गाव आहे! मी काही मरत नाही गुडघ्यांनी! कोण मोठा पुण्यवान लागून गेलास तू?"

मग त्याने मला विचारलं. उभ्या आयुष्यात त्याने कुणाला असं काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"तुला जायचंय ना?"

मला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता. पण तो माझ्याकडे असा सरळ बघत होता की खोटं बोलायची सोय नव्हती.

"हो," मी म्हटलं.

"मग झालं," सेल्बी म्हणाला, आणि उठून त्याने चहाचं पाणी ठेवलं.

सरकारी माणूस मतपेटी घेऊन बोटीने आला. मी जायचं म्हणून मत दिलं. तुम्हाला वाटत असेल की शेवटच्या क्षणी माझं मन पालटलं असेल, तर तसं काही झालं नाही. मला जायचं होतं, मी मत दिलं. नकार तीनच निघाले. गिडियनने निकाल ऐकला, टोपी घातली, आणि आमच्यापैकी कोणाशीही न बोलता घरी गेला. पण शेवटच्या दिवशी माझी जड पेटी धक्क्यावर त्यानेच उचलून आणली, तीही मी न सांगता.

त्या दिवशी आम्ही सगळे बोटीत चढलो तरी सेल्बीचा पत्ता नव्हता. मग शेडमधला आवाज थांबला. तो आवाज आहे हेच आम्हाला तोवर कळलेलं नव्हतं, इतका तो कायम कानांत असायचा. सेल्बी वाटेने हळूहळू उतरून आला, तेलाने काळे झालेले हात फडक्याला पुसत, आणि बोटीत माझ्या शेजारी येऊन बसला.

आता आम्ही सेंट हिल्डाजला एकाच इमारतीत राहतो. मी तिसऱ्या मजल्यावर, तो दुसऱ्या. माझे गुडघे दवाखान्याच्या जवळ सुखात आहेत, त्याची टाच भरली. नातवंडं त्याला सेल्बीकाका म्हणतात आणि बिघडलेली खेळणी घेऊन त्याच्या दारात बसतात. गिडियन बफेटसुद्धा रविवारी येतो, दोघे एकमेकांशी न बोलता पत्ते खेळतात. वाईट चाललंय असं कोणीच म्हणणार नाही.

पण जुन्या घरी उन्हाळ्यात जायची परवानगी सरकारने ठेवलीये, वीज नसली तरी. आणि सेल्बीची होडी इथल्या धक्क्याला बांधलेली आहे. इंजिन तो दर आठवड्याला साफ करतो. बर्फ पडतो तेव्हासुद्धा.

डेनिस त्याला दुकानात दरवेळी म्हणते, "काका, आता तरी करार करून टाका, किती पैसे वाया घालवताय!" मीही म्हटलं एकदा, "अरे, आता पत्ता आहे ना तुला?" त्याने माझ्याकडे बघितलं, चिडून नाही, आणि म्हणाला, "पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू."

दर महिन्याच्या सुरुवातीला तो चालत दुकानात जातो, त्या महिन्याचे पैसे भरतो, आणि येताना एक मजला जास्त चढून माझ्या दारावर थाप मारतो.

"झालं गं या महिन्याचं," तो सांगतो.

मी "बरं" म्हणते, दार लावून घेते, आणि मग कुठे माझा जीव भांड्यात पडतो.